नऊ नंबर उलटा आहे

वेल्डर दोषी ठरला. बाहत्तर टक्के मतांनी. निकाल लागला तेव्हा त्याला जाऊन एकोणीस दिवस झाले होते, त्यामुळे त्याने काही प्रतिक्रिया दिली नाही.

पण हे झालंच नाही असं समजू या. मतदान संपायला अजून चार दिवस आहेत, कोण दोषी ते कोणालाच माहीत नाही, आणि व्हॉल्व्हमन न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलाय. गळ्यावर वस्तरा आहे.

"वाईट वाटून घेऊ नका," न्हावी म्हणाला, "पण मी तुम्हालाच दिलं."

"काय?"

"मत."

वस्तरा जिथे होता तिथे होता, म्हणून व्हॉल्व्हमनने वाईट वाटून घेतलं नाही.

"माझं कसंय," न्हावी हनुवटीकडे सरकला, "मेलेल्याला नावं ठेवणं मला जमत नाही. संस्कार म्हणा. मग राहिलात तुम्ही. बटण तुम्ही दाबलंत. ज्याच्या हातात हत्यार, जबाबदारी त्याची. हलू नका."

"परवा तुझ्या हातून त्या पोस्टमनचा कान कापला."

"तो हलला."

"मग दोषी कोण?"

न्हाव्याने जरा विचार केला. "कान," तो म्हणाला, आणि फडकं झटकलं.

झालं होतं असं, की वेल्डरच्या मृत्यूबद्दल चौकशी समिती नेमायला नगरसेवकाने साफ नकार दिला होता. "समिती म्हणजे वेळकाढूपणा," तो सभेत गरजला, "जनता हीच माझी समिती!" टाळ्या पडल्या. गावात सगळ्यांच्या मोबाइलवर एक ॲप आधीपासून होतंच. लोक त्यावर कचऱ्याचे फोटो टाकायचे आणि कचरा जिथल्या तिथे राहायचा. त्यात आता नवीन बटण आलं : 'जबाबदार कोण?' पहिल्या दिवशी तीन नावं होती. नवी नियंत्रण यंत्रणा, व्हॉल्व्हमन आणि मयत वेल्डर. दुसऱ्या दिवशी ज्युनियर इंजिनियरने हरकत घेतली, की ॲप आणि यंत्रणा एकाच कंपनीची आहे; जिला आरोपी करायचं तिच्याकडूनच मतं मोजून घेणं नैतिकदृष्ट्या बरं दिसत नाही. हरकत सगळ्यांना पटली. यंत्रणेचं नाव वगळलं. मोजायचं काम तिच्याकडेच ठेवलं.

राहिले दोघं. एक जिवंत, एक मेलेला. मत दिलं की फोन टिंग करायचा, 'जागरूक नागरिक' असं प्रमाणपत्र यायचं, आणि खाली विचारलेलं असायचं : न्याय करण्याचा आपला अनुभव कसा होता? पाचपैकी तारे द्या.

व्हॉल्व्हमन दोषी ठरला तर त्याची नोकरी जाणार होती, निवृत्तीला सोळा महिने उरलेले असताना. वेल्डर दोषी ठरला तर त्याचं स्वतःचं काही जाणार नव्हतं, कारण जाण्यासारखं त्याच्याकडे उरलंच काय होतं. फक्त नियमाप्रमाणे त्याच्या जागी त्याच्या बायकोला कामावर घेता येणार नव्हतं आणि तिला क्वार्टर सोडावं लागणार होतं. ही माहिती ॲपवर 'अधिक वाचा' या शब्दांमागे होती. व्हॉल्व्हमन सोडून अधिक कोणी वाचलं नाही.

व्हॉल्व्हमनला खात्यात 'बावीस' म्हणत. रस्त्यांत लोखंडी झाकणांखाली चौदा मोठे व्हॉल्व्ह होते. माणसापेक्षा उंच चावी खाली सोडायची, ती व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि गोल फिरायचं, घाण्याला लागल्यासारखं. बावीस आटे फिरवले की व्हॉल्व्ह पूर्ण बंद. एकतीस वर्षं तो मोठ्याने आटे मोजत आला होता. मोजून झालं की एक लोखंडी कांब पाइपला टेकवायची, दुसरं टोक कानाला, आणि ऐकायचं. आत पाणी असेल तर कुजबुज ऐकू येते. बंद असेल तर काहीच ऐकू येत नाही. "ह्याच्या डोक्यात तेवीस आटे आहेत," वेल्डर म्हणायचा, "तेविसावा ढिला."

त्या चौदांपैकी तेरा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होत. नऊ नंबर डावीकडे. कोणे एके काळी कोणीतरी तो तसा बसवला होता. का, ते त्यालाच माहीत, आणि तो कधीच वर गेला होता. नऊ नंबर उलटा आहे हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, कारण ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत होतं. म्हणजे दोघांना. त्याला आणि वेल्डरला.

मग मोटरी आल्या. प्रत्येक व्हॉल्व्हला एक. वायरी गेल्या, एक थंडगार खोली तयार झाली, तिच्या दाराशी चपला काढायची सोय झाली आणि भिंतीवर मोठा पडदा लागला. व्हॉल्व्हमनने ज्युनियर इंजिनियरला तीनदा सांगितलं.

"साहेब, नऊ नंबर उलटा आहे."

"काका, ड्रॉइंगमध्ये सगळे सुलटे आहेत."

"ड्रॉइंग चुकलंय."

"ड्रॉइंग चुकलं असतं तर तसं ड्रॉइंगमध्ये दाखवलं असतं ना?"

तिसऱ्या वेळी इंजिनियर म्हणाला, लेखी द्या, ॲपवर. व्हॉल्व्हमनने मुलीच्या फोनवरून तक्रार भरायला घेतली. विषयांची यादी आली. त्यात 'उलटा' हा विषय नव्हता. बरंच वरखाली करून त्याने 'रस्त्यावरील दिवे' निवडलं. आठवड्याने उत्तर आलं : आपल्या तक्रारीचं निवारण करण्यात आलं आहे. घरासमोरच्या खांबावर नवीन दिवाही लागला. तो दिवसा पेटायचा.

त्या दिवशी सकाळी आठला व्हॉल्व्हमनने नऊ नंबर आपल्या हातांनी बंद केला. डावीकडे, बावीस आटे. कांब लावून ऐकलं. शांत. पुढच्या मोठ्या पाइपाचा सांधा आतून फुटला होता आणि वेल्डरला आत रांगत जाऊन तो जोडायचा होता.

"किती वेळ लागेल?" व्हॉल्व्हमनने विचारलं.

"झालं तर झालं, नाहीतर अकराला बाहेर," वेल्डर म्हणाला. तोंडावर काळा मुखवटा ओढून तो पाइपात शिरला. त्याचे बूट शेवटी दिसेनासे झाले.

या दोघांत सुरक्षेचा एकच नियम होता : अकराचा चहा. एकोणीस वर्षं अकराच्या ठोक्याला चहावाला रस्त्यावरच्या झाकणाशी दोन कप घेऊन यायचा, पाइपावर खडा वाजवायचा आणि वेल्डर हातातलं काम तसंच टाकून बाहेर यायचा. सांधा अर्धा राहिला तरी चालेल, चहा निवता कामा नये. खात्याची छापील नियमावली चोपन्न पानांची होती. तिच्यापेक्षा हा नियम जास्त पाळला गेला होता.

अकरा वाजून पाच मिनिटांनी व्हॉल्व्हमन थंडगार खोलीत अनवाणी उभा होता. नगरसेवक यंत्रणा पाहायला आला होता, म्हणून सगळ्यांना हजर राहायचा हुकूम होता. पडद्यावर चौदा ठिपके होते. ज्या लाइनवर काम आहे तिचा नऊ नंबर हिरवा, म्हणजे बंद, दिसायला हवा होता. तो लाल होता. लाल म्हणजे उघडा.

"काका, नऊ नंबर उघडा कसा?" इंजिनियरने विचारलं.

"बंद आहे साहेब. सकाळी मीच केलाय. तुमच्या पडद्यावर उघडा दिसतोय, कारण तो..."

"उलटा आहे. माहितीये." इंजिनियर नगरसेवकाकडे वळला. "सर, ही जुनी पिढी. ह्यांना लोखंडातून पाण्याचा आवाज येतो."

"मलाही येतो," नगरसेवक म्हणाला, "बाया रिकामे हंडे घेऊन माझ्या घरी येतात तेव्हा." खोलीभर हशा पिकला. व्हॉल्व्हमनही हसला. न हसून कसं चालेल.

"दाबा काका. त्या 'बंद'वर बोट ठेवा. सरांच्या समोर होऊन जाऊ दे."

इथे व्हॉल्व्हमन नाही म्हणू शकला असता. त्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. अकरा सात. म्हणजे वेल्डर झाकणावर बसून चहा पितोय, पाइप रिकामा आहे. आता आपण 'बंद' दाबायचं. मोटर उजवीकडे फिरणार, नऊ नंबर सताड उघडणार, फुटक्या सांध्यातून पाणी रस्त्यावर उसळणार. सांध्याच्या शेजारीच नगरसेवकाची गाडी उभी आहे. आणि पडद्यावर काय दिसणार? हिरवं. बंद. मग बघू कोणाला काय ऐकू येतं. एकतीस वर्षांत त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. त्याने हातातला कप उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि बटण दाबलं.

"बंद केला साहेब," तो म्हणाला. फार अदबीने.

ठिपका हिरवा झाला. टाळ्या पडल्या.

त्याच्या डाव्या हातात चहा होता. पाहुणे वाढले म्हणून चहावाल्याला त्या दिवशी थंडगार खोलीत बोलावून घेतलं होतं आणि रस्त्यावरचे दोन कपही तिथेच वाटले गेले होते. एक कप व्हॉल्व्हमनने आल्या आल्या संपवला होता. दुसरा कोणीतरी पुढे केला, तो त्याने भिडेखातर घेतला. तो आता अर्धा झाला होता.

वेल्डर पाइपात चहाची वाट बघत होता.

नंतर पोलिसांनी विचारलं, बटण कोणी दाबलं? मी. कोणाच्या सांगण्यावरून? साहेबांच्या. पडद्यावर काय दिसलं? बंद. करा सही. 'दाबल्यावर काय होणार हे तुला माहीत होतं का' असं कोणी विचारलं नाही. फॉर्मवर तशी ओळ नव्हती. व्हॉल्व्हमनने सही केली, मग पेन हातात धरून जरा थांबला. हवालदार म्हणाला, "पेन आमचं आहे."

आता बोलायचं तर बायकोशी. ती दहा दिवस घरात सापडत नव्हती. दुपारी पायात चप्पल अडकवून ती चाळीचाळीतून, इमारतीइमारतीतून फिरत होती. "मेलेल्याला मत द्या, जिवंत माणूस वाचेल," एवढंच तिचं भाषण. ज्यांना बटण सापडत नव्हतं त्यांची बोटं ती स्वतः धरून टेकवत होती. आज ती जेवायला वाढत होती आणि तिचा भाऊ पाटावर बसून गावाचा अंदाज सांगत होता.

"दाजी, तुमचं पारडं जड आहे. बाजारपेठ आपली, शाळेचे मास्तर आपले. फक्त तो न्हावी फितूर झालाय."

"त्याचे संस्कार आडवे आले."

"संस्कार!" मेव्हणा फुरफुरला. "नैतिकता ज्याची त्याची असते हो. तुम्हाला जे चूक वाटतं ते मला बरोबर वाटू शकतं, नाही का? मी परवा सिग्नल तोडला. पोलिसाला चूक वाटली. मला नाही वाटली. दोघंही प्रामाणिक."

"आणि ज्याला उडवलंस तो?"

"त्याचं मत मी घेतलं नाही. तो बेशुद्ध होता."

व्हॉल्व्हमनने घास खाली ठेवला. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?" बायकोने विचारलं.

"दाबलं की उघडणार ते. साहेबाची जिरवायची होती म्हणून दाबलं. तो बाहेर चहा पितोय असं वाटलं मला."

आमटीचा डाव पातेल्यावर तसाच राहिला. मेव्हणा एकदा बहिणीकडे, एकदा दाराकडे बघू लागला.

"हे कोणाला बोललात?" बायकोने विचारलं.

"कोणाला नाही."

"मग आम्हालाही नाही बोललात." तिने आमटी वाढली. "मीठ कमी आहे का ते सांगा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो वेल्डरच्या क्वार्टरवर गेला. सांगायचंच असं ठरवून गेला. रस्ताभर त्याने वाक्य मोजून पाहिलं, आटे मोजावेत तसं. सोळा शब्द होत होते. दारात वेल्डरचे दुसरे बूट होते, कामावर न नेलेले.

"या भावजी," वेल्डरची बायको म्हणाली. "बसा. चहा टाकते."

"चहा नको वहिनी."

"असं कसं? ते असते तर सोडलं असतं का तुम्हाला?"

ती आत गेली. भिंतीवर वेल्डरने तुकडे जोडून केलेला एक लोखंडी पक्षी होता. एक पंख दुसऱ्यापेक्षा मोठा. व्हॉल्व्हमन त्याच्याकडे बघत बसला. ती कप घेऊन आली आणि समोर जमिनीवर बसली.

"वहिनी, मला एक सांगायचंय. त्या दिवशी..."

"काही सांगू नका." तिने हात वर केला. "मला सगळं माहितीये. तुमची बायको येऊन गेली. रडत होती बिचारी. सोळा महिने राहिले म्हणाली, मुलीचं शिक्षण चालू आहे म्हणाली. मी म्हटलं, अगं, एवढंच ना? दे इकडे फोन."

"म्हणजे?"

"मी मत दिलं. ह्यांनाच." ती कसंनुसं हसली. "जाणारा गेला. त्यांना आता कोणी दोषी म्हटलं तर ऐकायला येणारे का? तुम्हाला येईल. एकोणीस वर्षं एका ताटातलं खाल्लंत तुम्ही. ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं."

तिने फोन उघडून प्रमाणपत्र दाखवलं. जागरूक नागरिक. खाली तारे होते. तिने पाचही दिले होते.

"बदलता येतं का ते?" व्हॉल्व्हमनने विचारलं.

"एकदाच देता येतं म्हणे. आणि बदलायचं कशाला?"

"वहिनी, क्वार्टर..."

"क्वार्टरचं काय?"

'अधिक वाचा' तिनेही वाचलं नव्हतं. सोळा शब्द होते. व्हॉल्व्हमनने तोंड उघडलं. ती त्याच्याकडे इतक्या मायेने बघत होती, की तसं कोणी आपल्याकडे अजून सोळा महिने बघत राहिलं तर बरं होईल असं त्याला वाटून गेलं. त्याने तोंड मिटलं.

"निवला बघा," ती म्हणाली. "घ्या."

त्याने चहा प्यायला. सगळा.

तीन दिवसांनी निकाल लागला. तो लागलाच नाही असं आपण सुरुवातीलाच ठरवलं होतं, पण त्याने आपलं काही ऐकलं नाही. मयत वेल्डर : बाहत्तर टक्के. व्हॉल्व्हमन : अठ्ठावीस. नगरसेवक सभेत म्हणाला, "उत्तरदायित्व म्हणजे काय, ते या गावाने दाखवून दिलं." व्हॉल्व्हमनला व्यासपीठावर बोलावून 'निर्दोष' असं छापलेली चौकट दिली. फोटो निघाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत इंजिनियर होता, मेव्हणा होता, आणि न्हावीही होता. न्हावी नंतर जवळ येऊन म्हणाला, "बहुमताचा आदर करायला हवा. उद्या या, कटिंग करून देतो."

नऊ नंबर पुढच्या आठवड्यातही पडद्यावर सुलटा आणि रस्त्याखाली उलटाच होता. नवा वेल्डर आला होता. त्याला चहा आवडत नव्हता.

महिनाअखेरीस व्हॉल्व्हमनच्या फोनवर काम आलं : क्वार्टर क्रमांक सहा रिकामं होत आहे, नळजोडणी बंद करावी. ते क्वार्टर मोटरींचे सुटे भाग ठेवायला हवं होतं.

तो पोचला तेव्हा सामान दारात होतं. फार नव्हतं. लोखंडी पक्षी एका चादरीत बांधला होता, त्याचा मोठा पंख बाहेर आला होता. वेल्डरची बायको उंबऱ्यावर उभी होती. आता तिने सगळं वाचलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं ना?" तिने विचारलं. "त्या दिवशी चहा पिताना. क्वार्टरचं."

"हो," व्हॉल्व्हमन म्हणाला.

माहीत होतं का, असं त्याला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं, आणि नेमकं दुसऱ्याच गोष्टीबद्दल. तो खाली बसला. क्वार्टरच्या नळाचा कॉक छोटासा असतो. त्याला आटे मोजावे लागत नाहीत.

"थांबा," ती म्हणाली. "एक बादली भरून घेते. फरशी पुसायची राहिलीय."

तो थांबला. बादली भरेपर्यंत दोघंही पाण्याकडे बघत होती. मग त्याने कॉक फिरवला. तिने फरशी पुसली, अगदी कोपऱ्यापर्यंत, तो उभा होता तेवढी जागा सोडून.

दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज लिहिला आणि आवक खिडकीवर नेऊन दिला. खिडकीतल्या बाईंनी विषय वाचला, यादी वरखाली केली, आणि म्हणाल्या, "असा विषय नाहीये हो काका. 'कमी दाबाने पाणीपुरवठा'मध्ये टाकू?"

"टाका," तो म्हणाला.

*विषय : दोषी ठरवून मिळणेबाबत.*

*महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, नऊ नंबरचा व्हॉल्व्ह उलटा आहे हे अर्जदारास बटण दाबण्यापूर्वी माहीत होते, व अर्जदाराने ते आनंदाने दाबले. सबब, मतदानाचा निकाल दुरुस्त करून अर्जदारास दोषी ठरवण्यात यावे. दोषी ठरवणे नियमात बसत नसल्यास, अर्जदाराने त्या दिवशी अकरा वाजता प्यायलेल्या दोन कपांपैकी दुसरा कप मयत वेल्डर यांचा होता, तो त्यांना त्याच दिवशी, त्याच वेळी, पाइपच्या तोंडाशी पोहोचता करण्यात यावा, व तत्पूर्वी पाइपावर खडा वाजवण्यात यावा, ही नम्र विनंती.*